पुण्याच्या संक्रांतीला नेलेली सुरंगी

आमच्या गावातल्या बायकांनी पुणे पाहिलेलं नाही, पण पुण्याबद्दल बोलायचं काही सोडलेलं नाही. मी परत आले त्या दिवसापासून विहिरीवर गाठून प्रत्येकीने तेच विचारलं: श्रीमंतांचा वाडा केवढा, तिथल्या बायका नेसतात काय, आणि आमची गोदी कशी आहे. सांगून सांगून घसा बसला. वडिलांनी लहानपणी धुळपाटीवर अक्षरं गिरवून घेतली होती, ती आता कामाला लावते. जिला वाचता येत नाही तिला मी वाचून दाखवीन. मध्ये बोलायचं नाही, एवढीच अट.

गोदीचं लग्न गेल्या वैशाखात झालं. सासर पुण्याला, सदाशिव पेठेत. जावई श्रीमंतांच्या दफ्तरात लेखणी चालवतात. पौषाच्या तोंडाला व्याह्यांचा निरोप आला, "मुलीची पहिली संक्रांत आहे, उभयतांनी यावं." पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेच्या हातून हळदीकुंकू होतं आणि माहेरचं काहीतरी त्या दिवशी ताटात लागतं. कुणी काळी चंद्रकळा नेतं, कुणी चांदीची कुयरी नेतं. मी सुरंगीचं तेल न्यायचं ठरवलं.

सुरंगी आमच्या किनाऱ्याची. झाडाच्या जुन्या फांद्यांना सालीलाच कळ्या चिकटतात. ऊन यायच्या आत त्या तोडाव्या लागतात, नाहीतर उमलतात आणि मधमाश्या आपल्या आधी येतात. फाल्गुनात मी ताजं खोबरेल घेते, त्यात कळ्या घालते, दुसऱ्या दिवशी त्या काढून नव्या घालते, आणि झाडावर कळ्या आहेत तोवर हे चालतं. खाडीच्या या तीराला माझ्या तेलासारखं तेल कुणाचं होत नाही. हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. लोक विसरले तर मी म्हणते.

"पुण्यात अत्तरं कमी पडलीत म्हणून तू तेल नेतेस?" असं ह्यांनी विचारलं.

"अत्तरं असतील. सुरंगी नसेल," मी म्हटलं, आणि अरुंद तोंडाच्या काचेच्या कुपीला मेण लावून ती लुगड्यात गुंडाळली.

घाट चढल्यावर

वरंध घाटाचं वर्णन मी करणार नाही. चढ होता, चढलो. तट्टावर सामान होतं आणि सामानावर ह्यांचा डोळा होता. वर पोचल्यावर मी मागे वळून पाहिलं तर आपला मुलूख धुक्याखाली झाकून ठेवलेला. समुद्र दिसेल असं वाटलं होतं, तो काही दिसला नाही.

खरी गंमत वरच्या थंडीची. आपल्याकडे पौषात सकाळी अंगावर पंचा घेतला की झालं. भोरला आम्ही एका ओळखीच्या घरी उतरलो तर तिथे माणसं शेकोटीला पाठ लावून बोलत होती, तोंडाने वाफा सोडत. जेवायला बाजरीची भाकरी आणि आमटी. आमटीत नारळ नाही. मी हळूच पळीने ढवळून पाहिलं, तळालाही नाही. तीळ मात्र जिथे तिथे. भाकरीवर तीळ, चटणीत तीळ, आणि तेल तेही तिळाचंच. ह्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि "बाजरी अंगाला ऊब देते" असं घरच्या बाईंना सांगितलं. माझ्या हातचं जेवताना हे कधी काही सांगत नाहीत.

सदाशिव पेठ

पुणे दिसायला लागलं ते पर्वतीच्या देवळापासून. मग बागा, मग घरं, आणि मग घरांना लागून घरं. आपल्याकडे दोन घरांच्या मध्ये पोफळीची बाग असते, इथे दोन घरांच्या मध्ये एक भिंत असते आणि तिच्यावरूनही भांडण असतं. पाणी दूरच्या तलावातून नळाने हौदात येतं. घागर बुडवली की भरली. रहाटाचा आवाज नाही, दोर ओढणं नाही. मला ते फार आवडलं, आणि आवडलं म्हणून थोडा रागही आला.

विहीणबाई दारात उभ्या होत्या. उंच, गोऱ्या, नाकात मोठी नथ. "या," म्हणाल्या. "लवकर निघाला असतात तर कालच पोचला असतात." हे पुण्याचं स्वागत. गूळपाणी मागाहून आलं.

एक सांगते. विहीणबाईंचे आजेसासरे आपल्याच बाजूचे, दोन पिढ्यांपूर्वी घाट चढून गेलेले. पण घाट चढला की माणसाला खाली बघवत नाही. घरात खोबरं किसणं बंद, "गो" म्हणणं बंद. गोदीचं नाव सासरी लक्ष्मी ठेवलेलं. मी "गोदे" म्हणून हाक मारली तेव्हा तिने आधी सासूकडे पाहिलं आणि मग मला ओ दिली. ती अंगाने भरली होती, तेव्हा खाण्यापिण्याचे हाल नव्हते. बोलत मात्र कमी होती. आमची गोदी कमी बोलते, हे मी गावात कुणाला सांगितलं तर माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या बायका पाहुणीला बघायला आल्या. मला वाटलं, हीच वेळ. मी कुपी आणली, मेण फोडलं, विहीणबाईंच्या हातावर कुपी उपडी केली.

काही पडलं नाही.

मी हलवली. काही नाही. उजेडात धरून पाहिलं तर आत पांढराशुभ्र गोळा. खोबरेल थिजलं होतं! जन्मभर खोबरेल वापरलं, अंगाला लावलं, दिव्यात घातलं, पण ते असं दगड झालेलं क्वचितच पाहिलं होतं. आपल्याकडे थंडीत फार तर जरा दाटतं. घाटावरच्या पौषाची मला काय कल्पना! भोरची बाई तिळाचं तेल का वापरते, हे मी तिला विचारायला हवं होतं.

विहीणबाईंनी हात तसाच पुढे धरला होता. मग त्यांनी तो हळूच मागे घेतला. "कोकणातलं अत्तर," त्या म्हणाल्या, "बाहेर यायला लाजतंय."

सगळ्या हसल्या. हसण्याचं मला काही नाही, मीही लोकांना हसते. पण माजघराच्या दाराशी गोदी उभी होती आणि तिची मान खाली गेली होती. पाणी आणायला म्हणून मी आत गेले तर ती कानाशी येऊन कुजबुजली, "आई, ते तेल परत बाहेर काढू नको हं."

तेल थिजलं त्याचं वाईट वाटलं नाही. आईने केलेल्या वस्तूची लेकीला लाज वाटली, त्याचं वाटलं.

भोगीच्या दिवशी

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. वांगी, गाजर, पावटे, ओले हरभरे, सगळं एकत्र घालून केलेली भाजी, वर तीळ. ती भाजी चांगली होती, हे मी मोकळेपणाने लिहिते. जेवणं झाल्यावर ओसरीवर अत्तार आला. नाव करीममियाँ. मेंदीने रंगवलेली दाढी, स्वच्छ अंगरखा, आणि बगलेत शिसवी पेटी. चार पिढ्या पुण्यात अत्तर विकणारं घराणं, हे त्यांनी बसायच्या आधीच सांगितलं. विहीणबाई सोवळ्याओवळ्याच्या फार कडक, पण वासाला त्यांनी सोवळं लावलेलं नव्हतं. उद्याच्या हळदीकुंकवासाठी त्यांना हिना अत्तर हवं होतं.

करीममियाँनी पेटी उघडली. आत लाकडी खण आणि प्रत्येक खणात कुप्या. मी अशी पेटी कधी पाहिली नव्हती. मी पुढे सरकले.

"प्रत्येक वासाला कूळ असतं, आईसाहेब," ते म्हणाले. "कूळ कळलं की त्याचं वागणं कळतं."

"वागणं कळून आम्हाला काय करायचंय? हिना द्या," विहीणबाई म्हणाल्या.

"मला कळायला हवंय," मी म्हटलं. विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, पण पाहुणीला गप्प कसं करणार?

मग त्यांनी मला एकेक कुपी हुंगायला दिली आणि मध्ये मध्ये स्वतःच्या पदराचा वास घ्यायला लावला, म्हणजे नाक पुन्हा कोरं होतं. पहिला खण फुलांचा. गुलाब, मोगरा, चाफा, केवडा. ही मंडळी आली की सगळ्या घराला कळतं, आणि जायची घाईही यांनाच. केवड्याची कुपी त्यांनी फार जपून उचलली. मी सांगितलं की आमच्याकडे खाडीच्या बांधावर केवड्याचं रान आहे आणि त्यात साप असतात. "मग भाग्यवान आहात," ते म्हणाले. सापांमुळे आम्हाला कुणी भाग्यवान म्हटल्याचं मला आठवत नाही.

दुसरं कूळ लाकडामुळांचं. चंदन, देवदार, वाळा, नागरमोथा. हे पुढे पुढे करत नाहीत, पण बसले की उठत नाहीत. चंदनाचं तर असं की फुलांचा वास धरून ठेवायला खाली तेच लागतं. अत्तर म्हणजे चंदनाच्या तेलावर उतरवलेलं फूल. आपण खोबरेल घेतो, इथले फुलेलवाले तीळ फुलांत मुरवून त्यांचं तेल काढतात, आणि अत्तरवाले चंदनावर जातात. ज्याचं शेत जवळ, त्याचं तेल.

मग एक हिरवा खण होता, मरवा आणि दवण्याचा, त्यातच ईडलिंबाच्या सालीची एक कुपी. सकाळी लावलं तर जेवणाच्या पानावर बसेपर्यंत गेलेलं, पण तेवढ्यात माणसाला टवटवी येते. त्याच्या पलीकडे लवंग, वेलदोडा, जायपत्री, केशर. तो खण हुंगला आणि मला लग्नघरातल्या मुदपाकखान्याची आठवण झाली. शेवटच्या खणाला वेगळं झाकण होतं. त्यात कस्तुरी, अंबर आणि ऊद. नुसता तळहात कुपीवर धरला तरी वास हाताला लागला. ही उष्ण कुळं थंडीत वापरायची. उन्हाळ्यात कुणी कस्तुरी लावून सभेत आला तर शेजारचा उठून दुसरीकडे बसतो. तसंच भर थंडीत वाळा लावला तर पुण्यात लोक समजतात की माणूस कुठून तरी बाहेरून आलाय.

"आणि हिना?" मी विचारलं.

"हिना एका कुळाची नाही. मेंदीच्या फुलापासून सुरुवात, मग मुळं, मसाले, वर कस्तुरी. सगळं गोत जमवलेलं. म्हणून पुण्याला ती आवडते."

"पुण्याला चांगलं ते आवडतं," विहीणबाई म्हणाल्या.

माझ्याने राहवलं नाही. मी आत जाऊन कुपी आणली. गोदी चुलीपाशी तिळाचे लाडू वळत होती, तिने मला जाताना पाहिलं आणि वळणं थांबवलं. मी थांबले नाही. अंबाड्यातला आकडा काढला, कुपीत घालून थोडं खरवडलं आणि करीममियाँच्या मनगटावर लावलं.

"खोबरेलात केलंत?" त्यांनी पाहताक्षणी विचारलं. "घाटाखाली ठीक. इथे ते तीन महिने झोपतं." मग त्यांनी मनगट नाकाशी नेलं. पुन्हा हुंगलं. बाही हुंगली, पुन्हा मनगट. फुलांच्या खणातली गुलाबाची कुपी त्यांनी शेजारी धरून पाहिली, ठेवून दिली. मग केशराची. मग चंदनाची.

"फूल आहे," ते म्हणाले. "पण फुलासारखं पळत नाही. मध आहे. खाली कुठेतरी ओल्या सालीचा वास आहे. माझ्या पेटीत याला घर नाही."

"ऐकलंत ना, विहीणबाई?" आमच्या विहीणबाई म्हणाल्या.

"नाही, आईसाहेब," करीममियाँ म्हणाले. "पेटी लहान आहे असं म्हणतोय मी."

त्या क्षणी मला जो अभिमान वाटला तो लपवायचा मी प्रयत्नही केला नाही. पण करीममियाँ व्यवहाराचे पक्के. जाताना म्हणाले, "एक ध्यानात ठेवा. हिना लावलेल्या हातावर हे लावू नका. हिना याला बोलू देणार नाही. उद्या एकतर ती लावा, नाहीतर हे."

"उद्या हिना लागेल," विहीणबाई म्हणाल्या. "सरदारांकडच्या बायका येणार आहेत. त्यांच्या हातावर थिजलेलं तेल लावून मला पेठेत नावं ठेवून घ्यायची नाहीत. हे आपण देवापाशी ठेवू."

देवापाशी ठेवू म्हणजे काय, ते मला कळतं. मीही नको असलेल्या वस्तू देवापाशीच ठेवते.

संध्याकाळी परसात गोदी तुळशीपाशी दिवा लावायला आली तेव्हा मी तिला विचारलंच. "माझ्या तेलाची तुला लाज वाटते का गो?"

तिने वात पुढे सारली. "आई, मी इथे तोंड उघडलं की हसतात. 'गो' म्हटलं की हसतात. भात जास्त वाढून घेतला की हसतात. मी आता कुठे त्यांच्यासारखी व्हायला लागल्ये. आणि तू ते सगळं कुपीत भरून घेऊन आलीस."

मला राग आला. तिचाही आला आणि त्या सगळ्यांचाही आला. "मग उद्या लावू नको," मी म्हटलं. "मी परत घेऊन जाईन. घाट उतरला की ते आपोआप वितळेल." तिने दिवा तुळशीपुढे ठेवला आणि ती आत गेली.

संक्रांत

सकाळी मी सामानाच्या कोनाड्यात पाहिलं तर कुपी नव्हती. शोधली. ती मोरीपाशी सापडली, शिकेकाईने घासून उपडी ठेवलेली, आत थेंबही नाही. ओतून टाकलं होतं. फाल्गुनभर पहाटे उठून झाडाखाली उभी राहिले होते, ते सगळं मोरीत गेलं. मी कुणाला काही विचारलं नाही. विचारून उत्तर मिळालं असतं, आणि ते मला नको होतं. ह्यांना म्हटलं, उद्या निघायचं. हे म्हणाले, अजून गुळाची पोळी व्हायची आहे. पुरुषांना काय सांगणार?

दुपारी बायका आल्या. माजघरात जाजम अंथरलेलं, गोदी काळ्या चंद्रकळेत, अंगावर हलव्याचे दागिने. इतकी सुरेख दिसत होती की माझा राग पुन्हा पुन्हा सुटत होता आणि मी तो पुन्हा पुन्हा धरत होते. मी दारालगत, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायात, एका कडेला बसले. सरदारांकडच्या बाई मानाच्या जागी बसल्या. त्यांच्या शालीएवढी जरतार आमच्या देवाच्या पालखीलाही नाही. विहीणबाईंनी चांदीची अत्तरदाणी पुढे ठेवली. हळद झाली, कुंकू झालं. आता अत्तर.

गोदीने अत्तरदाणी उचलली, आणि कडेला ठेवली.

मग ती उठली, देवघरात गेली आणि झाकलेली चांदीची वाटी घेऊन आली. झाकण काढलं. आत पांढरंशुभ्र, कडेपर्यंत सपाट बसलेलं माझं तेल. पहाटे अंघोळीच्या गरम पाण्यात कुपी धरून तिने ते वितळवलं होतं आणि वाटीत ओतून थंडीत ठेवलं होतं.

तिने बोटाच्या टोकावर तांदळाएवढं घेतलं आणि सरदारांकडच्या बाईंच्या हातावर ठेवलं.

"हे काय, लोणी?" बाईंनी विचारलं. दोघी-तिघी हसल्या. विहीणबाईंचा चेहरा असा झाला की मला त्यांचीही दया आली.

"जरा थांबा," गोदी म्हणाली. "तुमच्या अंगाची ऊब लागूं दे त्याला."

तो दाणा हातावर पाणी झाला. आणि वास उठला. खोबरेल थंड असताना त्याने तो धरून ठेवला होता, कातडीची ऊब लागताच सोडला. आमच्या अंगणातला फाल्गुन त्या माजघरात आला. बाईंनी हात नाकाशी नेला, खाली घेतला, पुन्हा नेला.

"कुठलं हे?"

"आमच्या गावचं," गोदी म्हणाली. आवाज मोठा होता, माझ्या ओळखीचा. "सुरंगी म्हणतात त्याला. पेठेतल्या कुणाच्या पेटीत नाय मिळायचं. माझी आई करत्ये. ती काय, दारापाशी बसल्ये."

ती तशीच बोलली, जशी घरी बोलायची. कुणी हसलं नाही. मला माहीत आहे, कारण हसेल तिचं तोंड बघून ठेवायला मी सगळीकडे नजर फिरवली.

बाई विहीणबाईंकडे वळल्या. "आम्हाला हवं असेल तर कुठून मागवायचं?"

विहीणबाईंनी नथ सारखी केली. वाटी स्वतःकडे ओढली आणि तिच्यावर झाकण घातलं. "मागवता येत नाही," त्या म्हणाल्या. "ते आमच्या सुनेच्या माहेरी होतं. तिच्यासाठी येतं. तिनं दिलं तर मिळेल." मग त्यांनी झाकण पुन्हा काढलं, वाटी गोदीपुढे केली आणि स्वतःचा हात तिच्यापुढे धरला.

मी दारालगतची जागा सोडली, जाजमाच्या मध्यावर गेले आणि विहीणबाईंच्या शेजारी ऐसपैस मांडी घालून बसले.